विद्यार्थ्यांनीं उभारलेला वाद्यवृंद

“गांव करी तें राव काय करी” ही म्हण आपल्यांतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. बंधारा घालावयाचा असो, विहीर खणावयाची असो कीं पडक्या धर्मशाळेची भिंत उभारावयाची असो, पुष्कळांचे हात लागल्यावांचून जें काम सिद्धीस जात नाहीं, त्यास आपण ही म्हण लावितों. विद्यार्थ्यांच्या संबंधानें मात्र ती सहसा कोणी उच्चारीत नाहीं. वडिलांनीं वाट दाखवावी आणि मुलांनीं त्या वाटेनें चालावें, एवढाच ह्या बाबतींत आपला संकेत. विद्यार्थ्यांनीं आपण होऊन एखादी संस्था काढावी, ती नेमानें चालवावी आणि शाळा सोडून जातांना ती मागून येणाऱ्यांच्या हातीं सोंपवावी, ही गोष्ट आपणांस एक तर अशक्य वाटते, नाहीं तर धोक्याची वाटते. ही समजूत कितपत खरी आहे ह्याचा विचार करण्यास युरोपांतील संगीताच्या इतिहासांतील एक प्रकरण फार उपयोगी पडण्याजोगें आहे. तें वाचकांपुढें ठेवून त्यावरून आम्हांस काय वाटतें तें सांगण्याचें येथें योजिलें आहे.

पाश्चात्य अभिजात संगीतांत ज्यास चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणतात, त्याचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. मोठमोठ्या सभागृहांत शंभर शंभर वादकांचा जो वाद्यवृंद बसतो त्याहून हा निराळा. ह्यांत वादक थोडे, बहुधा पंधरापासून चाळीसपर्यंत. व्हायोलिन, व्हिओला, चेलो हीं तंतुवाद्यें म्हणजे त्याचा कणा. त्यांच्या जोडीस बासरी, ओबो, हॉर्न वगैरे फुंकून वाजवावयाचीं वाद्यें. दिवाणखान्याएवढ्या जागेंत हा वृंद मावतो, म्हणूनच त्यास हें नांव पडलें. वादक थोडे असल्यामुळें कोणासही गर्दींत लपतां येत नाहीं. एकाचा सूर ढळला तर तो सर्वांस ऐकूं येतो. एकानें लय घाईनें पुढें नेली तर सर्वांचीच ओढाताण होते. अशा वृंदांत बसणाऱ्यास आपलें वाजवितांना दुसऱ्याचें ऐकावें लागतें, आणि हेंच त्यांतील खरें शिक्षण होय.

आतां मुख्य हकीकतीकडे वळूं. गेओर्ग फिलिप टेलेमान ह्याचा जन्म जर्मनींतील माग्डेबुर्ग शहरीं १६८१ सालीं झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. ते त्याच्या लहानपणींच वारले. मुलाचा ओढा संगीताकडे. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें एक संगीत नाटकही रचलें. तें पाहून आईच्या पोटांत धस्स झालें. गाण्याबजावण्याच्या नादीं लागलेला मुलगा हातचा गेला असें वाटून तिनें त्याचीं वाद्यें काढून घेतलीं, आणि पुढें त्यास दूरच्या शाळेंत पाठविलें. ही माउली दुष्ट नव्हती. पोरका मुलगा शिकून पोटास लागावा, चार लोकांत त्यास मान मिळावा, एवढीच तिची इच्छा. अशा माता आपल्याकडेही घरोघर आहेत, आणि त्यांची काळजी खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

आईच्या इच्छेप्रमाणें टेलेमान १७०१ सालीं कायद्याचा अभ्यास करण्यासाठीं लाइप्झिगच्या विद्यापीठांत दाखल झाला. संगीत सोडावयाचें असा त्याचा निश्चय होता. परंतु त्यानें रचलेलें एक धर्मगीत त्याच्या सामानांत राहून गेलें होतें. तें खोलींतील सोबत्याच्या हातीं लागलें, सेंट टॉमस मंदिरांत म्हटलें गेलें आणि लोकांस आवडलें. तेव्हां नगराध्यक्षांनीं दर पंधरवड्यास एक नवी रचना करून देण्याचें काम त्यास दिलें. ह्यावर टेलेमानानें जें केलें तें आमच्या तरुण वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. त्यानें आईशीं भांडण केलें नाहीं, कीं तिच्यापासून गोष्ट चोरून ठेविली नाहीं. तिनें धाडलेले पैसे त्यानें परत पाठविले, आपणांस आतां मिळकत होऊं लागली आहे असें कळविलें, आणि आपल्या संगीताविषयीं तिनें पुन्हां विचार करावा अशी विनंति केली. आईनें त्यास आशीर्वाद दिला.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १७०२ सालीं, ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या सोबत्यांस जमवून एक मंडळ काढलें. त्यास लॅटिन भाषेंत कोलेगिउम म्युझिकुम, म्हणजे संगीत मंडळ, असें म्हणत. विद्यार्थ्यांचीं अशीं मंडळें त्या शहरांत पूर्वींही निघालीं होतीं. परंतु टेलेमानाचें मंडळ त्या सर्वांहून टिकाऊ ठरलें. सुमारें चाळीस विद्यार्थी त्यांत जमत. विद्यापीठानें तें काढलें नव्हतें, राजानें पोसलें नव्हतें, नगरपालिकेनें नेमलें नव्हतें. लवकरच ह्या मंडळींचें वादन शहरांतील संगीत नाटकगृहांत आणि न्यू चर्च ह्या मंदिरांत ऐकूं येऊं लागलें.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती लपविली तर इतिहासाशीं अन्याय होईल. त्या वेळीं सेंट टॉमस शाळेचे संगीत-अध्यापक योहान कुनाउ हे होते, आणि शहरांतील प्रमुख मंदिरांच्या संगीताचा भार त्यांजवर होता. विद्यापीठांतील जे विद्यार्थी पूर्वीं त्यांच्या मदतीस येत, ते आतां टेलेमानाच्या मंडळाकडे आणि नाटकगृहाकडे धांवूं लागले. कुनाउ ह्यांनीं नगरसभेपाशीं वारंवार तक्रार केली. त्यांस केवळ मत्सरी म्हणून सोडून देणें सोपें आहे, परंतु तें बरोबर नाहीं. नवी संस्था निघाली कीं जुन्या संस्थेचीं माणसें थोडींबहुत ओढलीं जातातच. तरुणांनीं हें ओळखून वागावें, आणि वडिलांनींही माणसें कां गेलीं ह्याचा थोडा शोध घ्यावा, एवढेंच आम्ही म्हणतों.

टेलेमान १७०५ सालीं दुसऱ्या ठिकाणीं नोकरीवर गेला. विद्यार्थ्यांनीं काढलेल्या बहुतेक संस्था अशा वेळींच बसतात. काढणारा गेला, दोन महिने हळहळ झाली, तिसऱ्या महिन्यांत दाराला कुलूप, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. लाइप्झिगांत तसें झालें नाहीं. मेल्किओर होफमान ह्यानें मंडळाची धुरा उचलली आणि १७१५ सालीं मृत्यु येईपर्यंत ती वाहिली. पुढें गेओर्ग बाल्थासार शॉट ह्यानें तें १७२९ सालापर्यंत चालविलें. एवढेंच नव्हे, तर १७०८ सालीं योहान फ्रिडरिख फाश नांवाच्या आणखी एका विद्यार्थ्यानें त्याच शहरांत दुसरें मंडळ काढलें. एका दिव्यावर दुसरा दिवा लागावा तसें हें झालें.

१७२९ सालीं टेलेमानाच्या मंडळाचें नेतृत्व योहान सेबास्टिअन बाख ह्याजकडे आलें. कुनाउ ह्यांच्या मृत्यूनंतर १७२३ सालीं त्यांच्या जागीं सेंट टॉमस शाळेवर जो नेमला गेला तो हाच बाख. ज्या मंडळाविषयीं पूर्वींच्या अध्यापकानें नगरसभेकडे गाऱ्हाणें नेलें, त्याच मंडळांत त्याच्या मागून आलेला अध्यापक जाऊन बसला. बाखाची गरज काय होती हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. १७३० च्या आगस्ट महिन्यांत नगरसभेस सादर केलेल्या एका निवेदनांत त्यानें हिशेब दिला आहे कीं, मंदिरांतील संगीतासाठीं निदान अठरा ते वीस वादक पाहिजेत, आणि नगरानें नेमलेले वादक आहेत अवघे आठ. शाळेंतील चोपन्न मुलांपैकीं सतरा उपयोगीं पडणारीं, वीस अद्याप तयार न झालेलीं, आणि सतरा ह्या कामास अगदींच निरुपयोगी. पूर्वीं विद्यापीठांतील विद्यार्थी हात लावीत, कारण त्यांस लहानशी कां होईना, दक्षिणा मिळे. ती बंद झाली आणि त्यांचें येणेंही थांबलें. विद्यार्थ्यांचा उत्साह ही फुकट मिळणारी वस्तु आहे असें समजणाऱ्या प्रत्येक चालकानें हें निवेदन एकदां वाचण्यासारखें आहे.

बाखाच्या कारकीर्दींत ह्या मंडळाच्या बैठकी गॉटफ्रिड त्सिमरमान ह्याच्या कॉफीगृहांत भरत. हिवाळ्यांत दर शुक्रवारीं रात्रीं आठपासून दहापर्यंत, उन्हाळ्यांत दर बुधवारीं दुपारीं चारपासून सहापर्यंत उघड्या बागेंत, आणि शहरांत जत्रा भरली म्हणजे आठवड्यांतून दोनदां, असा त्यांचा नेम होता. बाखाचीं हार्पसिकॉर्डवरचीं पुष्कळ वादनें ह्याच मंडळींसाठीं तयार झालीं, आणि कॉफीच्या व्यसनाची थट्टा करणारें त्याचें सुप्रसिद्ध गीतनाट्यही १७३४ सालाच्या सुमारास अशाच बैठकीसाठीं रचलें गेलें असें मानतात. १७३६ सालीं एका संगीतविषयक मासिकांत आलेल्या वृत्तांत म्हटलें आहे कीं, ह्या मंडळाचे सभासद बहुतेक विद्यार्थीच होते, बाहेरच्या वादकासही तेथें येऊन वाजविण्याची मोकळीक होती, आणि त्यांच्यांतून पुढें नांवाजलेले कलावंत निघत.

हें मंडळ इतकीं वर्षें कां टिकलें? आमच्या मतें ह्याचीं कारणें तीन. पहिलें, वार, वेळ आणि जागा हीं ठरलेलीं होतीं. कोणाचा उत्साह आज आहे, उद्यां नाहीं. परंतु शुक्रवार हा दर आठवड्यास येतोच. दुसरें, दार उघडें होतें. नवशिक्या व तयार वादक एकाच बैठकींत बसत, म्हणून जुना गेला तरी त्याची जागा घेणारा तेथेंच शिकत असे. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें कारण हें कीं, वडीलधारे आले ते मंडळ मोडावयास आले नाहींत, आणि तें आपल्या नांवावर चढवावयासही आले नाहींत. बाखासारखा थोर पुरुषही आला तो विद्यार्थ्यांच्या बैठकीस, त्यांच्या वारीं आणि त्यांच्या वेळीं.

१७४१ सालीं त्सिमरमान वारला. बाखानेंही त्याच सुमारास मंडळाचें काम सोडलें, आणि पुढें मंडळ मावळत गेलें. परंतु त्यानें शहरास लाविलेली गोडी मावळली नाहीं. १७४३ सालीं तेथील सोळा प्रतिष्ठित गृहस्थांनीं वर्गणी देऊन सोळा वादकांचा एक नवा उपक्रम काढला. १७८१ सालीं त्यास कापडव्यापाऱ्यांच्या इमारतींत, म्हणजे गेवांडहाउसांत, सभागृह मिळालें. तेंच नांव धारण करून हा वाद्यवृंद आजही लाइप्झिगांत नांदत आहे. कॉफीगृहाची ती इमारत १९४३ सालच्या बाँबहल्ल्यांत नष्ट झाली. दगडविटांचें घर गेलें, आणि विद्यार्थ्यांनीं लाविलेली संवय मात्र राहिली.

ही गोष्ट तीनशें वर्षांपूर्वींची, ती आतां कशास सांगावी, असें कोणी म्हणेल. त्यास आमच्या काळांतील एक उदाहरण देतों. १९८० सालीं जर्मनींतील कांहीं संगीत-विद्यार्थ्यांनीं मिळून एक चेंबर ऑर्केस्ट्रा काढला. कोणा एकाच्या हुकुमानें न चालतां सर्वांच्या विचारानें चालावें हा त्यांचा संकल्प. १९८७ सालीं त्यांनीं हाच आपला व्यवसाय करण्याचें ठरविलें, आणि १९९२ सालीं ते ब्रेमेन शहरीं स्थायिक झाले. डॉइच कामरफिलहार्मोनी ब्रेमेन हें त्याचें नांव. गेल्या शतकाच्या अखेरीस संस्थेवर पैशाचें मोठें संकट आलें. तेव्हां वादकांनीं ती मोडली नाहीं. वादक हेच संस्थेचे भागीदार झाले. नफातोट्याची जबाबदारी डोक्यावर घेऊन त्यांनीं ती सांवरली. २००४ सालापासून पाव्हो यार्वी ह्या नामांकित संचालकाच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी ध्वनिमुद्रित करून जगभर कीर्ति मिळविली.

परंतु ह्या वृंदाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें तें दुसऱ्याच कारणासाठीं. २००७ सालापासून त्याची तालीम कोठें चालते? ब्रेमेनच्या पूर्व भागांतील एका शाळेंत! ही वस्ती उंच उंच इमारतींची, अनेक देशांतून आलेल्या आणि बेताच्या कमाईच्या कुटुंबांची. त्या शाळेच्या सभागृहाची दुरुस्ती करून तें तालमीस योग्य असें केलें गेलें, आणि वृंद तेथें राहावयास आला. मुलें तालमींत वादकांच्या मध्यें जाऊन बसतात, मधल्या सुटींत वादक आणि मुलें एकाच भोजनगृहांत जेवतात, आणि वस्तींतील लोक व मुलें मिळून वादकांच्या साहाय्यानें संगीत नाटकें बसवितात. विद्यार्थ्यांनीं काढलेली संस्था मोठी झाली आणि पुन्हां विद्यार्थ्यांच्याच घरीं आली, ह्याहून तिचें सार्थक तें कोणतें?

आतां आपल्याकडे पाहूं. कोणी म्हणेल, हें परक्यांचें संगीत. आमची परंपरा एकट्यानें गाण्याची, तिला वृंद काय करावयाचा? ह्यास उत्तर दोन प्रकारचें. एक तर हें संगीत आपणांस अगदींच परकें नाहीं. गोमंतकांतील चर्चच्या शाळांतून कित्येक पिढ्या मुलांस स्वरलिपि वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविलें गेलें, आणि त्यांतून तयार झालेल्या गोमंतकीय वादकांनीं मुंबईचे वाद्यवृंद आणि पुढें चित्रपटांचें संगीत सजविलें. दुसरें असें कीं, मिळून गाण्याची कला आपल्या खेड्यापाड्यांतून कधींच नष्ट झालेली नाहीं. ज्या गांवांत शाळेला धड छप्पर नाहीं, त्या गांवांतही भजनी मंडळ असतें. तें कोणी राजानें काढलेलें नसतें. त्याचा वार ठरलेला असतो, टाळ धरणारा पोरगा वर्षांनंतर पखवाजावर बसतो, आणि म्हातारा बुवा गेला तरी मंडळ चालू राहतें. लाइप्झिगच्या विद्यार्थ्यांस जें साधलें त्याचें मर्म आपल्या घराजवळच आहे. तें आपण शाळेच्या दारापाशीं सोडून येतों, एवढेंच.

आपल्या शाळांतून संगीताचा प्रसंग येतो तो वार्षिक संमेलनाचा. महिनाभर आधीं धांवपळ सुरू होते, बाहेरून कोणी शिकविणारा आणवितात, चार निवडक मुलांकडून दोन गाणीं घोटून घेतात, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशीं पेटी व तबला कपाटांत जातात ते पुढील वर्षापर्यंत. ह्यांत मुलांस गाणें येतें. संस्था चालवितां येत नाहीं. आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक शाळेनें मुलांस आठवड्यांतून एक सायंकाळ आणि एक खोली द्यावी. कपाटाची किल्ली मुलांपैकींच एकाच्या हातीं असावी. वाद्यांची मोजदाद आणि वर्गणीचा हिशेब मुलांनींच ठेवावा. आणि एखाद्या शिक्षकानें कोपऱ्यांत बसावें, तें विचारलें असतां सांगण्यासाठीं. वाद्य कोणतेंही असो. व्हायोलिन नसेल तर बांसरी चालेल, बांसरी नसेल तर टाळ चालतील.

पालकांस आमचें एक नम्र सांगणें आहे. मुलगा किंवा मुलगी अशा मंडळांत गेली म्हणजे अभ्यास बुडेल ही आपली भीति आम्हांस समजते. टेलेमान तर कायदा सोडून गवई झाला, हेंही आपण आमच्या तोंडावर फेंकाल. परंतु प्रत्येक मूल टेलेमान होत नाहीं. बाकीच्यांस जें मिळतें तें आयुष्यभर पुरणारें असतें: ठरल्या वेळीं हजर राहणें, आपली पाळी येईपर्यंत मोजीत थांबणें, दुसऱ्याचा सूर वर आला म्हणजे आपला खालीं घेणें, आणि हातीं असलेले पैसे दुसऱ्यांचे आहेत हें स्मरणें. कचेरींत, दवाखान्यांत, शेतांत, संसारांत, कोठेंही ह्या गुणांवांचून चालत नाहीं, आणि ते कोणत्याही क्रमिक पुस्तकांतून शिकवितां येत नाहींत. मंडळाच्या सायंकाळीं अभ्यासाचा एक तास कमी होईल हें खरें. तो तास वायां गेला कीं कामीं आला, हें चार महिन्यांनीं मुलाच्या वागण्यावरून पाहावें आणि मग निवाडा द्यावा. वाद्य आधींच काढून घेऊं नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक शब्द. संस्था काढण्यांत मोठेपणा थोडा आहे; ती दुसऱ्याच्या हातीं नीट सोंपविण्यांत फार आहे. टेलेमान ह्या मंडळांत उणीपुरीं तीन वर्षें होता. मंडळ मात्र त्याच्यामागें तीस वर्षांहून अधिक चाललें. तुम्हीही ह्या शाळेंत थोडींच वर्षें आहां. अकरावींत, बारावींत असाल त्यांनीं आजच खालच्या वर्गांतील एखाद्या मुलास शेजारीं बसवून घ्यावें, त्यास चुकूं द्यावें, आणि शाळा सोडण्याच्या दिवशीं कपाटाची किल्ली त्याच्या हातीं ठेवावी. त्यानंतर येणाऱ्या शुक्रवारीं ती खोली उघडली गेली, तर तुमचें काम झालें असें समजावें.